अडचणीतच देव आठवला, त्यात लाज कसली?

वाचकाचं पत्र

ताई, मी काळाचौकीला राहतो, वय 47. वडील गिरणीत होते, लाल बावट्याचे. घरात देव्हारा आहे तो आईचा; माझा संबंध गणपतीतल्या आरतीपुरता. दीड वर्षापूर्वी बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस असतं, सकाळी साडेसहाची पाळी. माझा रक्तगट जुळत नाही. सासूबाईंना शुगर आहे. मेव्हणा तयार झाला होता, पण तपासण्यांच्या आदल्या दिवशी मागे फिरला. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. आता हिचं नाव प्रतीक्षा यादीत आहे.

गेल्या महिन्यात एका रात्री हिला दम लागला, धावाधाव करून ॲडमिट केलं. हॉस्पिटलच्या जिन्यात मी हात जोडून उभा होतो. कधी जोडले ते कळलंही नाही. तेव्हापासून रोज जोडतो. रात्री तिच्या मनगटाजवळच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोटं ठेवतो, थरथर लागली की मगच झोप येते. पण रोज लाजही वाटते. आयुष्यभर देवाकडे पाहिलं नाही, आता गरज पडली तर दारात उभा. हा मतलबीपणाच ना? वडील असते तर काय म्हणाले असते? आणि मी मागतो काय, तर किडनी. म्हणजे कोणाचं तरी मरणच मागतोय.

आई म्हणते, अकरा मंगळवार अनवाणी सिद्धिविनायकाला जा. तिने सुनेला संकष्टी धरायला लावली आहे, गावच्या देवीचा दोराही बांधलाय. ओळखीतल्या एकांनी ग्रहशांत सुचवली. 55 हजार रुपये, तीन महिन्यांत किडनी मिळेल म्हणतात. काय करू? आणि सगळं करूनही काहीच झालं नाही तर?

उत्तर

आधी एक तातडीचं, देवाचं नंतर.

तुमच्या पत्नीचे उपवास आजपासून बंद करा. उपवासाच्या ताटात काय असतं ते आठवून बघा. खिचडीत बटाटा आणि दाण्याचं कूट, बाजूला रताळ्याचे काप, एखादं केळं, आणि कोणीतरी प्रेमाने आणलेलं शहाळं. साबुदाणा सोडला तर यातल्या प्रत्येकात पोटॅशियम भरपूर. किडनी चालू नसली की ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. शनिवारचं डायलिसिस झालं की पुढचं थेट मंगळवारी, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात मोठी फट रविवार-सोमवारची. संकष्टी नेमकी त्या दोन दिवसांत आली आणि वर शहाळं पोटात गेलं, तर काय होऊ शकतं हे तिथल्या सिस्टरना विचारा, त्या तुम्हाला माझ्यापेक्षा कडक शब्दांत सांगतील. तीर्थाची पळीसुद्धा तिच्या दिवसाच्या पाण्याच्या हिशेबात धरायची. डायलिसिसवरच्या माणसाला दम लागतो तो अनेकदा अंगात साठलेल्या पाण्यामुळेच.

आणि तो दोरा कोणत्या हाताला बांधलाय? फिस्टुला असलेल्या हातावर बांगड्या, घड्याळ, ब्लडप्रेशरचा पट्टा, काहीही आवळायचं नसतं. दोरा दुसऱ्या हाताला बांधा. देवीला चालतं.

आता तुमच्या लाजेकडे येते.

गीतेच्या सातव्या अध्यायात श्रीकृष्ण आपल्याकडे येणाऱ्या चार प्रकारच्या माणसांची यादी देतात. त्यात पहिलं नाव आहे आर्ताचं. म्हणजे संकटात सापडलेला, पोळलेला, हाक मारत आलेला. जिज्ञासू, काही हवं म्हणून येणारा आणि ज्ञानी हे त्याच्यामागून येतात. ज्ञान्याचं कौतुक पुढे भरपूर केलंय, पण त्यातच चौघांनाही एकत्र धरून ते सगळे थोर आहेत असंही म्हटलंय. दारावर कोणी 'आधी कधी आला नव्हतात, आता कसे आलात' असं विचारत नाही. गजेंद्राची गोष्ट लहानपणी ऐकली असेल. कळपाचा राजा तो, नक्राने पाय धरल्यावर आपल्या बळावर वर्षानुवर्षं झुंजत राहिला. बळ संपलं तेव्हा सोंडेत कमळ धरून नारायणाला हाक मारली. 'इतकी वर्षं कुठे होतास' असा प्रश्न त्या कथेत येत नाही.

मला पत्र वाचताना दुसरंच वाटलं. तुम्ही मतलबीपणा म्हणताय, पण बोचतंय ते वेगळं असावं. दीड वर्ष तुम्ही सगळं अंगावर घेतलं. पहाटे उठून तिला नेणं, रिपोर्ट, पैसे, आईची समजूत. त्या रात्री जिन्यात पहिल्यांदा कळलं की आता आपल्या हातात काही नाही. कर्त्या पुरुषाला हे कबूल करणं फार जड जातं, मग तो त्याला ढोंग, स्वार्थ, काहीही नाव देतो, पण 'मला हे एकट्याला झेपत नाही' एवढं म्हणत नाही. हात आपोआप जोडले गेले तेव्हा तुम्ही नेमकं हेच म्हणालात. नम्रता म्हणतात ती याहून मोठी काही असते असं मला वाटत नाही. तिला नाकं मुठीत धरावी लागत नाहीत, की 'मी पापी, मी नालायक' असं घोकावं लागत नाही.

वडील काय म्हणाले असते हे मी कशी सांगू? पण ते तुमच्या आईच्या देव्हाऱ्याच्या आड आले नाहीत, हे तुमच्याच पत्रावरून दिसतं. गिरणगावात लाल बावटा आणि गणपती एकाच दहा बाय बाराच्या खोलीत नांदले. दुपारी गेटवर घोषणा देणारे हात रात्री चाळीच्या भजनात टाळ धरायचे, आणि त्याबद्दल कोणी कोणाकडून खुलासा मागितला नाही. तुम्हीच स्वतःकडे का मागताय?

किडनीच्या प्रार्थनेचा प्रश्न मात्र खरा आहे. तो तुम्हाला पडला यावरूनच तुम्ही मतलबी नाही हे कळतं.

हे काम कसं चालतं ते नीट बघा म्हणजे मनावरचं अर्धं ओझं उतरेल. यादीतून किडनी मिळते ती बहुधा मेंदूमृत्यू झालेल्या, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या माणसाची. तो जाहीर करायला 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, आणि त्यांना तपासण्या दोनदा कराव्या लागतात, मध्ये किमान सहा तास ठेवून. मग नातेवाइकांना विचारलं जातं. ते हो म्हणाले तरच पुढचं. मुंबईत अवयव कोणाला जाणार हे झेडटीसीसी हे प्रत्यारोपण समन्वय केंद्र ठरवतं, रक्तगट बघून आणि गुण मोजून. किती काळ डायलिसिसवर आहात यालाही गुण असतात. या साखळीत कुठेही तुमच्या प्रार्थनेमुळे कोणाचा अपघात होत नाही, कोणाच्या मेंदूत रक्तस्राव होत नाही. ते मरण व्हायचं तिथे होतंच. त्यानंतरचा एक तास असतो, ज्यात आयसीयूबाहेर उभं असलेलं कुणीतरी कुटुंब, डोळ्यांतलं पाणी खळलेलं नसताना, 'हो' किंवा 'नाही' म्हणतं.

तुम्ही त्या तासासाठी मागा. 'देवा, ज्या घरावर अशी वेळ येईल त्यांना धीर दे, आणि जमलं तर त्यांच्या तोंडून हो येऊ दे.' यात कोणाचं मरण मागितलेलं नाही. उलट ज्यांना तुम्ही कधी भेटणार नाही, ज्यांचं नाव तुम्हाला बहुधा कळणारही नाही, त्यांच्यासाठी तुम्ही रोज रात्री काही मागत असाल. प्रभादेवीचं सिद्धिविनायकाचं देऊळ 1801 सालचं. ते बांधायला पैसे देणाऱ्या देऊबाई पाटील यांना मूल नव्हतं, आणि बाकीच्या निपुत्रिक बायकांना तरी ते व्हावं म्हणून त्यांनी देऊळ बांधवलं, असं सांगतात. आई तुम्हाला पाठवतायत ते याच देवळात.

आणि हो, तुमचा स्वतःचा अवयवदानाचा फॉर्म भरला आहे का? नसेल तर भरा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, कारण कार्ड असलं तरी शेवटी घरच्यांची संमती लागते. जे दुसऱ्यांच्या घरातून यावं म्हणून हात जोडताय, ते आपल्या घरातून द्यायची तयारी ठेवली की मागताना जीभ अडखळत नाही.

नवसाचं म्हणाल तर मी नवसाच्या विरुद्ध नाही, पण सौद्याच्या आहे. तुमच्या शेजारच्याच लालबागच्या राजाचं घ्या. 1932 साली पेरू चाळीतला बाजार बंद झाला, कोळी बांधव आणि छोटे विक्रेते उघड्यावर आले. त्यांनी हक्काच्या जागेसाठी गणपतीला नवस केला, जागा मिळाली, आणि 1934 साली राजा बसला. एवढी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मधली दोन वर्षं कोणी सांगत नाही. त्या काळात वस्तीतली मंडळी आणि नगरसेवक जागेसाठी खटपट करत होते, जागामालकाला गळ घालत होते. नवस बोलून माणसं घरी जाऊन झोपली नाहीत. देवावर भार टाकणं म्हणजे आपलं काम देवाला लावणं असं त्यांनी मानलं नाही, आणि तो मार्केट अजून उभा आहे.

म्हणून तुम्हाला तुमची खटपट सांगते. रक्तगट जुळत नाही म्हणजे विषय संपला, असं तुम्ही धरून चाललाय. संपला नाही. तुमच्यासारखंच दुसरं एखादं जोडपं असेल, तिथल्या नवऱ्याची किडनी तुमच्या पत्नीला चालेल आणि तुमची त्याच्या बायकोला. याला स्वॅप म्हणतात, 2011 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात याची तरतूद आहे. रक्तगट न जुळताही प्रत्यारोपण काही ठिकाणी करतात; ते तुमच्या पत्नीला झेपेल का हे नेफ्रॉलॉजिस्टच, म्हणजे किडनीचे डॉक्टरच सांगतील. दोन्ही प्रश्न कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर अर्धं विसरायला होतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस आणि किडनी प्रत्यारोपण दोन्ही येतात, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन आपण त्यात बसतो का ते विचारा. सिद्धिविनायकाचा न्यासही गरजू रुग्णांना उपचारासाठी मदत करतो, त्याचा अर्ज मिळतो. मंगळवारच्या रांगेत उभं राहण्याइतकंच त्या अर्जाच्या रांगेत उभं राहणं धार्मिक आहे, असं माझं मत.

मंगळवारवरून आठवलं. मंगळवारी डायलिसिस. साडेसहाच्या पाळीला घरातून सहाच्या आधी निघायला हवं. मग अनवाणी कोण चालणार आणि तिला टॅक्सीत कोण बसवणार? या अकरा मंगळवारांत तुमची जागा त्या मशीनशेजारच्या स्टुलावर आहे. गणपती आठवड्याचे सातही दिवस तिथेच असतो. बुधवारी जा, चपला घालून जा. ज्याचं एक पाऊल काचेने चिरलंय असा माणूस तुमच्या पत्नीच्या काय कामाचा?

ग्रहशांतीचे 55 हजार अजिबात देऊ नका. शांत करणं वाईट असं माझं म्हणणं नाही, मनाला उभारी मिळत असेल तर घरच्या भटजींकडून साधी पूजा करा. पण 'तीन महिन्यांत किडनी' ही तारीख तो माणूस कुठून देतोय? यादीतला नंबर ना त्याच्या हातात ना ग्रहांच्या. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात 2013 चा कायदा आहे, त्याला एवढं नुसतं ऐकवा आणि पुढचा फोन येतो का बघा. प्रत्यारोपण झालं तर नव्या किडनीसाठीच्या गोळ्या आयुष्यभर चालतात. ते पैसे बाजूला टाका, तिथे लागतील. कोणी 'किडनी साफ करणारी' भस्मं, काढे सुचवले तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात घालू देऊ नका.

राहिली आई. तुम्ही 'आई असं म्हणते, आई तसं करते' असं जरा वैतागून लिहिलंय. त्या घाबरल्यात हो. सून डोळ्यांदेखत खंगतेय आणि त्यांच्या हातात देव सोडून दुसरं काही नाही. उपवास, दोरा, अनवाणी चालणं यातलं एकेक काढून घेतलंत तर त्यांना करायला काय उरेल? त्यांना काम द्या. तुम्ही 'गावची देवी' लिहिलंय. काळाचौकी आणि गावची देवी म्हटल्यावर गाव कोकणातलं असावं असा माझा अंदाज. तसं असेल तर त्यांना गाऱ्हाणं घालायला सांगा.

शिमग्यात, जत्रेत ऐकलं असेल तुम्ही. एकजण देवासमोर उभा राहून खड्या आवाजात सांगतो: बा देवा म्हाराजा, ही ही लेकरं तुझ्या दारात आली आहेत, अमक्याच्या घरात असं असं संकट आलंय, काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घे, आणि हे संकट दूर कर. प्रत्येक वाक्यावर बाकीचे म्हणतात, 'व्हय म्हाराजा.' मला ही प्रार्थनेची फार शहाणी रीत वाटते. त्यात अडचण आडपडदा न ठेवता, नावानिशी सांगतात. चूक काय झाली याची चौकशी न करता 'असेल तर पोटात घे' म्हणून मोकळे होतात. त्यामुळे कोणी तुमच्या पत्नीला 'तू मागे काही केलं नाहीस म्हणून हे झालं' असं ऐकवत असेल, तर त्याला तिथे जागाच नाही. आणि शब्द एकट्याने शोधायचे नसतात. तुम्हाला प्रार्थना येत नाही ना? संध्याकाळी दिवा लावल्यावर आईने गाऱ्हाणं घालावं आणि तुम्ही मागे 'व्हय म्हाराजा' म्हणावं. पत्नीला बसवत असेल तर तीही. मुलं असतील तर तीही. तुमच्या वडिलांनी गेटवर सभा ऐकल्यात, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी साथ द्यायची हे त्यांनाही परकं नसतं.

आणि देवाचा राग आला तर? येऊ द्या. आपल्याकडे जनाबाई विठोबाला चक्क शिव्या घालते आणि नामदेव रुसून बसतो. त्यांना कोणी नास्तिक म्हटलं नाही. सुईने टोचून टोचून काळीनिळी झालेली पत्नीची चामडी बघून तुम्हाला एखाद्या रात्री हात जोडावेसे वाटले नाहीत, तर नका जोडू. नुसती फिस्टुलावर बोटं ठेवून बसा. त्या वेळी तुमच्या मनात जे असतं ते देवाला कळायला वेगळे शब्द लागत नसावेत.

'काहीच झालं नाही तर?' या प्रश्नाला गोड उत्तर देणं सोपं आहे, ते मी देत नाही. होईल की नाही ते मला माहीत नाही, तुमच्या डॉक्टरांनाही नाही. तुकोबांच्या काळी, 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. विठ्ठलाने यातलं काहीही परत आणून दिलं नाही. तरी तो माणूस त्याच विठ्ठलाच्या मोडक्या देवळाची डागडुजी करायला लागला, आणि त्यानंतरचं सगळं आपल्याला माहीत आहे. विश्वास ठेवला म्हणून मनासारखं होतंच, असं त्यांच्या आयुष्यात दिसत नाही. दिसतं ते एवढंच की त्या दुष्काळातून ते एकटे चालत बाहेर आले नाहीत, निदान त्यांना तसं वाटलं नाही. तुम्हाला यावर विश्वास ठेवता येईल की नाही हे मी ठरवू शकत नाही. त्या जिन्यात तुम्हाला क्षणभर तसं वाटलं होतं का, हे मात्र स्वतःला विचारा. पत्रात तुम्ही लाजेबद्दल एवढं लिहिलंत, त्या क्षणाबद्दल एक ओळच लिहिलीत.

झोप पार उडाली असेल, छाती धडधडत असेल, तर 14416 हा टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. देव आहे म्हणून फोन करायचा नाही असं काही नाही.

शेवटचं, आणि हे तुम्हाला आवडणार नाही. मेव्हण्याला फोन करा. तो आदल्या दिवशी मागे फिरला याचा राग मी समजू शकते. पण जिवंत माणसाने किडनी देणं हे दान आहे, त्यावर कोणाचा हक्क नसतो, बहिणीचाही नाही. कायदाही दात्याची राजीखुशी आहे ना, हे तपासूनच पुढे जातो. तो घाबरला असेल. त्याच्या घरून विरोध झाला असेल. आज तो तुमच्यासमोर यायला लाजत असेल आणि तुमची पत्नी दोघांच्या मध्ये अडकली असेल, तिचा तो भाऊ आहे. तुम्हाला देवाकडे हात पसरता आला, तर त्याच्याकडे एक छोटी गोष्ट मागता येईल. किडनीचा विषय काढूच नका. शनिवारची साडेसहाची पाळी तू सांभाळशील का, एवढंच विचारा. तो हो म्हणाला, तर डबा काय न्यायचा, तिला पाणी किती चालतं आणि दोरा कोणत्या हाताला नको, ते एका कागदावर लिहून त्याला द्या, आणि तुम्ही त्या दिवशी आठ वाजेपर्यंत झोपा.